दोन लाख एकाहत्तर हजार

मी एक डिझेल गाडी बोलतेय. काळी, चार दरवाज्यांची, दोन लिटरच्या इंजिनाची, सहा गिअरची. वय तेरा वर्षं. बाकी काही सांगण्याआधी माझा आकडा सांगते, कारण तो एकदा माझ्याकडून काढून घेतला गेला होता. आज सकाळी माझ्या मीटरवर दोन लाख त्र्याण्णव हजार चारशे सहा किलोमीटर होते. हे ऐकून ज्याला मागं सरायचं असेल त्यानं खुशाल सरावं. मला वाईट वाटत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मोठी शेड होती, डोक्यावरून सरकणारे लोखंडी हात होते, आणि शेवटी एका माणसानं माझ्यात बसून पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा तो एकटाच मोठ्यानं हसला होता. तेवढं आठवतं. माझ्यासारख्या गाड्या फार खपत नसत. घरची माणसं बसली पाहिजेत, डिकीत सामान मावलं पाहिजे, डिझेल बेतानं लागलं पाहिजे, आणि तरीही मोकळा रस्ता दिसला की पाठ सीटला चिकटली पाहिजे, असं सगळं एकदम मागणारी माणसं थोडीच असतात.

माझे पहिले मालक तसे होते. इचलकरंजीचे इंजिनियर, गिरण्यांतली यंत्रं बसवून द्यायचे. आज सोलापूर, उद्या हुबळी, परवा बेंगळूर. आठ वर्षांत त्यांनी मला दोन लाख एकतीस हजार किलोमीटर पळवलं, पण तेल बदलायची एक तारीख चुकवली नाही. लांबून घरी आले की ते मला लगेच बंद करत नसत. टर्बो तापलेला असतो, त्याला निवायला वेळ द्यायला हवा, म्हणून मिनिटभर इंजिन चालू ठेवून तसेच बसून राहायचे. त्यांच्या पत्नी दारातून हाक मारायच्या, "अहो, उतरा की आता!" आणि ते हात हलवून म्हणायचे, "आलो, हिला जरा दम खाऊ दे."

पुढं कंपनीनं त्यांना ड्रायव्हरसकट नवी गाडी दिली आणि त्यांनी मला सदलग्याच्या मंथनला विकलं. किल्ली देताना त्यांनी त्याला एकच गोष्ट बजावली, "इंजिनातला टायमिंगचा पट्टा दोन लाख अडतीस हजारांना बदल. सात हजार राहिलेत. विसरू नकोस."

मंथन विसरला. तो वाईट मुलगा नव्हता. पहिल्या महिन्यात त्यानं मला रोज धुतलं. पण त्याला माझ्या धावण्यापेक्षा माझा आवाज जास्त आवडायचा. त्यानं मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, इंजिनाची ताकद वाढवायला कुणाकडून तरी लॅपटॉप लावून घेतला, आणि वरातीत मला जागच्या जागी उभी करून घुंई-घुंई करत काळा धूर सोडू लागला. लोक व्हिडिओ काढायचे. धावायला जन्मलेल्या गाडीनं उभ्या उभ्या ओरडायचं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. चार वर्षांत असाच चाळीस हजारांचा टप्पा गेला. मग त्याचं लग्न ठरलं, सासरवाडीहून नवी गाडी आली, आणि मी उसाच्या फडाकडेला पाच महिने उभी राहिले. माझ्या बॉनेटवर कुत्री ऊन खात झोपायची. त्यांच्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही.

तिथून मला निपाणीच्या मारुतीरावांनी नेलं. जुन्या गाड्या घ्यायच्या, झळाळी आणायची आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा. हायवेला लागून त्यांचा मोठा तळ होता, दारात झेंडूच्या माळा आणि टेबलावर पाहुण्याला चहा. तिथं एक दिवस एक माणूस लॅपटॉप घेऊन आला. त्यानं स्टेअरिंगच्या खाली वायर जोडली, चहाचे दोनतीन घोट घेतले, आणि माझ्या मीटरवरचे दोन लाख एकाहत्तर हजार चारशे तीस जाऊन अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे आले. चहा गरमच होता.

मला काय वाटलं ते कसं सांगू? सोलापूरच्या रस्त्यावरचं ते ऊन, हुबळीच्या वाटेवर चुकवलेला बैल, इंजिनियर साहेब बेंगळुराहून एका दमात घरी आले ती त्यांच्या मुलीच्या निकालाची दुपार, सगळं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं होतं. आणि वर गिऱ्हाइकं येऊन कौतुक करत होती, "वयाच्या मानानं लई कमी फिरलीया!" मला भोंगा वाजवून ओरडावंसं वाटायचं की मी कमी फिरलेली नाही. मी पृथ्वीला सहा वेढे घालून वर आणखी निघालेली आहे!

मग माधवी आली.

माधवी बेळगावजवळच्या वडगावची, त्रेचाळीस वर्षांची. नवरा नागेंद्र यंत्रमागावर साड्या विणतो, आणि माधवी सतरा वर्षं फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तिच्या शाळेच्या छोट्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आहे. शिकणारी बाई उजवीकडं आणि माधवी डावीकडं, त्या ब्रेकवर पाय ठेवून. सतरा वर्षं तिनं ब्रेकवरच काढली होती. ॲक्सिलरेटर कायम दुसरीच्या पायाखाली. या वर्षी तिनं ठरवलं होतं, एक गाडी फक्त स्वतःसाठी घ्यायची आणि ती धावणारी घ्यायची.

ती नागेंद्रला घेऊन आली तेव्हा मारुतीराव पुढं झाले. "या आक्का. या दाजी. ही बघा, एकदम घरगुती गाडी. अठ्ठ्याहत्तर हजार फकस्त."

माधवीनं मीटरकडं पाहिलंच नाही. दार उघडून ती खाली वाकली आणि माझ्या क्लचच्या रबरावर अंगठा फिरवला. ते एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालं होतं.

"माझ्या शाळेच्या गाडीचा क्लच दिवसातनं शंभरदा दाबत्यात," ती म्हणाली, "त्योबी एवढा झिजला न्हाय."

"पैला मालक अंगानं जड हुता, आक्का."

"बॉनेट उघडा."

बॉनेट उघडलं. सगळं चकाचक पुसलेलं होतं. पण इंजिनाच्या बाजूच्या काळ्या झाकणावर, आतल्या अंगाला, एक कागदी चिकटपट्टी होती. मारुतीरावांच्या माणसांनी ती पाहिली नव्हती. माधवीनं ओढणीचं टोक ओलं करून तिच्यावरची काजळी पुसली आणि बॉलपेनानं लिहिलेलं इंजिनियर साहेबांच्या गॅरेजवाल्याचं अक्षर मोठ्यानं वाचलं, "टायमिंग पट्टा बदलला, एक लाख अठरा हजार सहाशे. पुढचा दोन लाख अडतीस हजार."

हायवेवरून उसाचा ट्रक गेला.

"ते दुसऱ्या गाडीचं असंल," मारुतीराव म्हणाले.

"दुसऱ्या गाडीचं हितं आत येऊन चिकटलं व्हय? मीटर अठ्ठ्याहत्तर म्हनतंय आणि पट्टा एक लाख अठरा हजाराला बदललाय. म्हंजे गाडी जन्माला यायच्या आधीच फिरत हुती का काय? खरा आकडा सांगा."

मारुतीरावांनी आजूबाजूला पाहिलं. दुसरं गिऱ्हाईक जवळ नव्हतं. "दोन एकाहत्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "आक्का, समदं मार्केट असंच चालतंय. खरा आकडा लावला तर कोण बघायबी येत न्हाय. लोकांनाच खोटं पायजे असतंय."

"चल घरला," नागेंद्र म्हणाला.

"थांबा जरा. एकदा चालवून बघते."

ती उजवीकडं बसली. नागेंद्र नाइलाजानं डावीकडं बसला. आम्ही संकेश्वरच्या दिशेनं हायवेला लागलो. माझा क्लच जड झाला होता, पहिल्या दोन गिअरला मी खोकले, मागं धूरही सोडला. तिनं घाई केली नाही. मी तापेपर्यंत वाट पाहिली, तिसऱ्या गिअरला पाय सावकाश खाली नेला, आणि टर्बोनं श्वास घेतला. मी निघाले! वर्षानुवर्षं आतल्या आत घोटून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. नागेंद्रनं दाराचा दांडा घट्ट धरला. स्टेअरिंगवरची माधवीची बोटं मात्र सैल झाली होती. माणूस घाबरला की बोटं आवळतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

परत आल्यावर तिनं मला लगेच बंद केलं नाही. मिनिटभर तशीच बसून राहिली. तेव्हाच मला कळलं की मी हिच्याकडं जाणार.

"ही घेते," ती उतरून म्हणाली.

"अगं, येडी का खुळी तू?" नागेंद्र उसळला. "लबाड माणूस हाय ह्यो!"

"माणूस लबाड हाय. गाडीनं काय लबाडी केली? तिनं तर सोताहून दाखवून दिलं." मग ती मारुतीरावांकडं वळली. "भाव खऱ्या आकड्याचा लावायचा. आणि कागदावर दोन लाख एकाहत्तर हजार चारशे तीस लिहून सही द्यायची. तशीच घेणार."

मारुतीरावांनी मनात हिशेब केला. खरा आकडा कळल्यावर मला दुसरं कोण नेणार? त्यांनी सही दिली.

वडगावच्या गल्लीत मी आले ती चेष्टेचा विषय होऊन. "मोडीत जायची गाडी आनली," असं म्हणणारे होते. "शिकवणारी बाईच असली गाडी पळवाय लागली तर बाकीच्या काय शिकणार," असंही म्हणणारे होते. त्यावर माधवी म्हणायची, "ऐंशीची पाटी असंल तर मी ऐंशीनंच जाते. फकस्त ऐंशीला लवकर पोचते."

नागेंद्र आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतल्या भावकू मिस्त्रीनं मला उघडलं. भावकू तोंडानं कमी बोलणारा माणूस. त्यानं तो पट्टा बाहेर काढला, उजेडात धरला, आणि नुसता दोन बोटांनी वाकवला. पट्ट्याचा एक दात तुटून खाली पडला.

"आक्का," तो म्हणाला, "ह्यो आज तुटला असता, न्हाय तर उद्या. तुटला की इंजिन आतल्या आत चेचतंय. आणि तवा मागं ट्रक असला तर इंजिनाचं सोडाच."

नागेंद्र तिथंच उभा होता. त्यानं पट्टा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांपाशी त्याचं आयुष्य गेलं होतं. "मागाचा पट्टा असा झाला तर मी माग चालूच करत न्हाय," तो म्हणाला. मग पट्टा भावकूच्या हातात परत देत, "त्यो मानूस अठ्ठ्याहत्तर हजार म्हनून विकत हुता. म्हंजे घेणाऱ्यानं ह्यो पट्टा उघडलाबी नसता."

"तेच म्हनते मी," माधवी म्हणाली.

भावकूनं मंथनचा सायलेन्सर उतरवला, इंजिनाला पूर्ववत केलं, क्लच नवा घातला. माधवीनं दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालून माझा कोल्हापूरचा नंबर बदलून बेळगावचा घेतला. आणि सगळ्यात शेवटी ती मला मीटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडं घेऊन गेली.

त्यानं तिचं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं. "मॅडम, आकडा खाली आनायला लोक रांग लावत्यात. वर न्यायला आलेल्या तुम्ही पैल्याच."

"मग आज नवं काम शिका," ती म्हणाली आणि मारुतीरावांच्या सहीचा कागद त्याच्यापुढं ठेवला.

पाच मिनिटांत माझे दोन लाख एकाहत्तर हजार किलोमीटर मला परत मिळाले. वर तिनं स्वतः चालवलेलेही त्यात मिळवले. मी यंत्र आहे, रडत नाही. पण त्या दिवशी घरी जाताना मी एकदाही खोकले नाही.

इथंच माझी गोष्ट संपली असती तर ती सुखाची झाली असती. पण दोन महिन्यांनी आरोहीचा फोन आला. आरोही माधवीकडंच गाडी शिकलेली, सव्वीस वर्षांची. फिजिओथेरपीचं शिकून संकेश्वरकडच्या खेड्यांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवायची. "मॅडम, गाडी बघितलीया. पांढरी, डिझेल. बेचाळीस हजारच फिरलीया. निपाणीत मारुतीरावांकडं. उद्या सकाळी घ्यायला चाललोय."

माधवीनं फोन ठेवला. नागेंद्र म्हणाला, "तू मधी पडू नको. बेळगावातबी त्यांचा तळ हाय. तुझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बाया त्यांच्या माणसांनी धाडलेल्या असत्यात."

"ठाऊक हाय."

"मग?"

"ती पोरगी रोज हायवेनं एकटी जाणार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नागेंद्र आपणहून डावीकडं येऊन बसला. निपाणीला पोचलो तेव्हा आरोही आणि तिचे वडील अप्पासाहेब टेबलापाशी बसले होते, चहा आला होता, पांढऱ्या गाडीला हार घातला होता. माधवीनं मला थेट फाटकात आणून उभी केली.

तिनं पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. पण मारुतीराव एकदा पोळले होते. आत एकही चिकटपट्टी उरली नव्हती, खुणेचा एक कागद नव्हता. क्लचचं रबरही नवं होतं. हातात दाखवायला काही नव्हतं.

"झालं समाधान?" मारुतीराव हसून म्हणाले. "आता चहा घ्या आणि पोरीचा मुहूर्त मोडू नका."

माधवीनं पर्समधून कागद आणि पेन काढलं. "एवढंच लिहून द्या. ही गाडी बेचाळीस हजारच फिरलीया, ह्यो आकडा खरा हाय. खाली सही."

"आमच्या धंद्यात असलं लिहून देत न्हाईत."

"मला दिलं की. मागल्या खेपेला. माझ्या गाडीचा खरा आकडा तुमच्याच अक्षरात हाय माझ्याकडं." तिनं पेन टेबलावर ठेवलं. "आकडा खरा असंल तर सही कराय काय जातंय?"

मारुतीरावांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आक्का, जरा इचार करा. उद्यापासनं तुमच्याकडं एकबी बाई शिकाय येणार न्हाय. मी सांगितलं तर न्हाय म्हंजे न्हाय."

माधवी उत्तर देणार तेवढ्यात मागून नागेंद्र पुढं आला. आयुष्यात कुणाशी आवाज चढवून न बोललेला माणूस. "न्हाय आल्या तर न्हाय. माग हाय माझा. तुम्ही सही करा."

पेन टेबलावर तसंच पडून राहिलं. अप्पासाहेबांनी एकदा मारुतीरावांकडं पाहिलं, एकदा पेनाकडं. मग चहाचा कप बाजूला सारला आणि उठले. "चल गं आरोही."

तळावर आणखी दोघं गिऱ्हाइकं होती. ती लगेच गेली नाहीत. पण त्यांच्यातल्या एकानं आपण बघत असलेल्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं, ते मी फाटकातून पाहिलं.

मारुतीरावांनी शब्द पाळला. पुढच्या महिन्यात माधवीच्या शाळेत अकरापैकी चार बायका उरल्या. सकाळचा वर्ग रिकामा जाऊ लागला. ती दारातल्या पायरीवर बसून राहायची आणि नागेंद्रचा माग आतून खडखडत राहायचा. तो सकाळी दोन तास जास्त चालवत होता. आरोहीला मात्र भावकूनं एक गाडी शोधून दिली. दीड लाख फिरलेली, सगळ्या बिलांसकट. आता ती रोज त्याच गाडीनं हायवेवरून जाते.

मग आरोहीच एका रविवारी तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. "मॅडम, ह्यांनाबी जुनी गाडी घ्यायचीय. कशी बघायची ते दाखवा की." माधवीनं मला मैदानात नेलं, बॉनेट उघडलं आणि दाखवलं. पुढच्या रविवारी सहा जणी आल्या. शाहापूरहून, येळ्ळूरहून, एक तर खानापूरहून. आता दर रविवारी मी तिथं उघडी उभी असते. तिथं गिऱ्हाईक नसतं, हार नसतो. बायका माझ्या इंजिनात हात घालतात, तेल बोटावर घेऊन वास घेतात, पेडलवर अंगठा फिरवतात. त्यांच्या हातांना काळं लागतं आणि त्या ते एकमेकींना दाखवतात.

माझा पिस्टन कधीतरी दगा देईल. एखाद्या सकाळी मी सुरू होणार नाही. भावकू मान हलवेल आणि मला मोडीत नेतील. जाईन. पण माझ्या नावावरचे किलोमीटर घेऊन जाईन, एकही कमी न करता. तुम्हीही कधी जुनी गाडी घ्यायला गेलात, तर ती किती कमी फिरली आहे म्हणून खुश होऊ नका. ती कुणाच्या हाताखाली फिरली, ते विचारा. आणि जो सांगतो त्याच्यापुढं कागद ठेवा.

गेल्या रविवारी येळ्ळूरच्या बाळाबाई आल्या होत्या. वय अठ्ठावन्न. शेतातली भाजी बेळगावच्या बाजाराला त्या दुसऱ्याच्या टेंपोतून आणतात आणि आता त्यांना स्वतःचा जुना टेंपो घ्यायचा आहे. मुलानं नको म्हटलंय, सुनेनं नको म्हटलंय. सगळं पाहून झाल्यावर त्या माझ्याभोवती एक फेरी मारून माधवीला म्हणाल्या, "बसू का गं हितं? चालवत न्हाय. नुसतं बसते."

माधवीनं दार उघडून दिलं. बाळाबाईंनी चपला बाहेर काढून ठेवल्या, पदर खोचला आणि बसल्या. मी सकाळपासून चालू-बंद होऊन तापलेलीच होते. माधवीनं गिअर मोकळा असल्याचं बघून खिडकीतून किल्ली फिरवली.

"उजव्या पायाखालचं दाबा. हळू."

बाळाबाईंनी हळू दाबलं नाही. मी अशी गरजले की मैदानातल्या बायका दोन पावलं मागं सरल्या आणि झाडावरचे कावळे उडाले. बाळाबाईंनी दचकून पाय काढला, छातीवर हात ठेवला, आणि आता आपल्याला ओरडा बसणार म्हणून माधवीकडं पाहिलं.

"तुम्ही का थांबला?" माधवी म्हणाली. "दाबा की परत."